काढता-घालता येणारा लाल दिवा: एका छतावरील पुराव्याची खाडाखोड

१/ मराठीत 'रुग्णवाहिका' आणि 'शववाहिका' या शब्दांत फरक आहे तो पहिल्या पदाचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील असंख्य छोट्या गावांत हा फरक छतावरच्या एका दिव्याचा होता. दिवा चढवला की गाडी जिवंत माणसाला आणायला निघे. उतरवला की तीच गाडी अंत्ययात्रेच्या अग्रभागी उभी राही. आज या गाड्यांच्या जीर्णोद्धाराच्या नावाखाली नेमका हा फरकच पुसला जात आहे. त्याविरुद्ध हा थ्रेड.

२/ या गाड्यांना तिकडे 'कॉम्बिनेशन' म्हणत. कॅडिलॅक, पॅकार्ड, ब्यूक, ओल्ड्समोबाइल यांच्या लांब चॅसिसवर स्वतंत्र कारखाने गाडीचे धड बांधत. ओहायो राज्यातील पिक्वा येथील मिलर-मीटियर, लायमा येथील सुपीरियर, सिनसिनाटी येथील हेस अँड आयझेनहार्ट, इलिनॉय राज्यातील फ्रीपोर्ट येथील हेनी ही त्यांतील मोठी नावे. एकाच धडाच्या तीन आवृत्त्या निघत: शुद्ध शववाहिका, शुद्ध रुग्णवाहिका आणि दोन्ही कामे करणारी कॉम्बिनेशन.

३/ १९५९ च्या साध्या कॅडिलॅकच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १३० इंच होते. व्यावसायिक चॅसिसचे १५६ इंच. ही जास्तीची लांबी हेच सगळ्या कथेचे मूळ आहे. जिवंत असो वा मृत, माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी दुसरी गाडी बहुतेक गावांत नव्हतीच. शवपेटी मावते तेथे स्ट्रेचरही मावतो, हे साधे गणित त्यामागे होते.

४/ वेषांतर कसे होई? शवपेटी सहज आत सरकावी म्हणून गाडीच्या तळाशी रोलर असत. कॉम्बिनेशनमध्ये हे रोलर उलटे फिरवून जमिनीत गडप करता येत आणि वर सपाट तळ मिळे. परिचारकासाठी घडीची आसने उघडत. खिडकीतील पडदे बदलत किंवा बाजूला होत, काचेत 'अँब्युलन्स' अशी पाटी लागे. शेवटी छतावर दिवा बसे. सारे काम काही मिनिटांचे.

५/ छतावरचा फिरता दिवा हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाचा. शिकागोच्या फेडरल साइन अँड सिग्नल कंपनीचा 'बीकन रे' हा त्यांतील सर्वांत परिचित. काचेच्या वा प्लास्टिकच्या घुमटाखाली मोटरीवर फिरणारे झोतदिवे, एवढीच त्याची रचना. शुद्ध रुग्णवाहिकेवर तो कायमचा बसे. कॉम्बिनेशनवर मात्र तो उतरवता येणे आवश्यक होते, कारण शोकाकुल कुटुंबाला आपल्या माणसाच्या शेवटच्या गाडीवर धोक्याचा लाल दिवा नको असे.

६/ उतरवण्याच्या पद्धती कारखान्यागणिक व वर्षागणिक बदलत. कोठे छतावर कायमची बैठक आणि हाताने फिरवायचे स्क्रू, कोठे खोबणीत बसणारा प्लग, कोठे लोहचुंबकाचा तळ आणि वायर खिडकीतून आत. दिवा निघाला की छतातील जागा झाकायला क्रोमचे छोटे झाकण. हे झाकण पन्नास पैशांच्या नाण्याएवढे क्षुल्लक वाटते. इतिहासाच्या दृष्टीने ते अख्ख्या गाडीइतके मोलाचे आहे.

७/ अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याकडे रुग्णसेवा का आली? कारण त्याच्याकडे गाडी होती, रात्री-अपरात्री फोन उचलणारा माणूस होता आणि जड देह उचलण्याची सवय असलेले हात होते. नगरपालिकेने ती जबाबदारी घेतली नव्हती, रुग्णालयांनी बहुतेक ठिकाणी घेतली नव्हती. पोकळी होती, ती शेजारच्या 'फ्युनरल होम'ने भरली. व्यवसायाचा हिशेबही होताच: संकटात धावून आलेल्या घराला गाव विसरत नाही.

८/ छोट्या गावातील व्यावसायिकाला दोन महागड्या गाड्या परवडत नसत. म्हणून कॉम्बिनेशन. सकाळी अंत्ययात्रा, दुपारी महामार्गावरचा अपघात, रात्री प्रसूतीसाठी अडलेली बाई. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांत तर कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या फ्युनरल होमची गाडी हाच अनेकदा त्या समाजाचा एकमेव आधार असे. त्या छतावरील दिव्याकडे पाहताना ही सामाजिक रचना दिसली पाहिजे.

९/ ही व्यवस्था खेड्यांपुरती होती असे वाटत असेल तर डॅलस, नोव्हेंबर १९६३ आठवावे. २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा ताफा डीली प्लाझात पोहोचण्याच्या थोडे आधी तेथे झटका येऊन पडलेल्या एका माणसाला रुग्णवाहिकेने पार्कलँड रुग्णालयात नेले. ती रुग्णवाहिका ओ'नील फ्युनरल होमची होती. त्याच दिवशी केनेडींसाठी शवपेटी आणि शववाहिका पाठवली तीही ओ'नीलनेच. शववाहिका १९६४ च्या बनावटीची, कॅडिलॅक चॅसिसवरील मिलर-मीटियर.

१०/ दोन दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ली हार्वी ऑस्वाल्ड गोळी लागून पडला. त्याला पार्कलँडला नेणारी रुग्णवाहिकाही ओ'नीलचीच. २२ तारखेला गोळीबारात पडलेले पोलीस अधिकारी टिपिट यांना दुसऱ्या एका फ्युनरल होमच्या रुग्णवाहिकेने नेले होते. शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या घटनेत, एका महानगरात, जिवंत आणि मृत दोघांचीही वाहतूक अंत्यविधीच्या व्यावसायिकांनी केली. तेव्हा कोणालाही त्यात नवल वाटले नाही.

११/ नवल वाटायला १९६६ उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू व अपंगत्वावर एक अहवाल काढला. त्यातील आकडे: १९६५ या एका वर्षात अपघातांनी १ लाख ७ हजार मृत्यू, त्यांतील ४९ हजार वाहनांच्या अपघातांत. देशातील सुमारे ५० टक्के रुग्णवाहिका सेवा १२ हजार अंत्यविधी व्यावसायिकांकडे. त्यामागील मुख्य कारण अहवालाने दिले ते हेच: त्यांच्या गाडीत स्ट्रेचर मावतो.

१२/ त्याच अहवालात तज्ज्ञांचे एक बोचरे मत नोंदवले आहे: गंभीर जखमी झालेल्या माणसाला शहरातल्या सामान्य रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर वाचण्याची अधिक आशा आहे. कोरिया व व्हिएतनाममध्ये प्रशिक्षित सैनिक-परिचारक आणि हेलिकॉप्टर होते. घरच्या रस्त्यावर होती एक सुंदर, लांब, चकचकीत कॅडिलॅक आणि तिच्यात बहुधा अप्रशिक्षित माणूस. छत इतके खाली की रुग्णाशेजारी धड उभेही राहता येत नसे.

१३/ येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेणे आवश्यक आहे. 'अंत्यविधीवाले रुग्णाला मुद्दाम सावकाश नेत, कारण मेला तर त्यांचाच धंदा', असे आजही चवीने सांगितले जाते. हा आरोप विनोद म्हणून खपतो. इतिहास म्हणून टिकत नाही. १९६६ च्या अहवालाची तक्रार वेगळी होती: अपुरी साधने, अपुरे प्रशिक्षण आणि कोणतेही बंधनकारक निकष नसणे. दोष रचनेचा होता. खलनायक शोधला की रचनेकडे पाहण्याचे कष्ट वाचतात, म्हणून ही दंतकथा तगून आहे.

१४/ पर्याय काय असू शकतो, ते पिट्सबर्गने दाखवले. तेथे १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या वस्तीतील कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफर यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण मिळाले. तोंडाने श्वास देण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रणी, ते हेच साफर. १९७५ मध्ये ही सेवा बंद करून शहराने स्वतःची सेवा सुरू केली. पण रुग्णवाहिका म्हणजे चाकांवरचा दवाखाना ही कल्पना तोवर सिद्ध झाली होती.

१५/ पुढचा क्रम वेगवान आहे. १९६६ चा महामार्ग सुरक्षा कायदा, १९७३ चा आपत्कालीन वैद्यकीय सेवा कायदा, १९७४ ची रुग्णवाहिकांसाठीची संघराज्य मानके. मानकांचे नाव केकेके-ए-१८२२. ही अक्षरे सरकारी वर्गीकरणाची, त्या कुप्रसिद्ध संघटनेशी त्यांचा संबंध नाही. आता व्हॅन किंवा ट्रकच्या चॅसिसवरील प्रशस्त कक्ष हवा होता. १९७७ मध्ये कॅडिलॅकच्या गाड्या आखूड झाल्या, १९७९ मध्ये मिलर-मीटियरने उत्पादन थांबवले. कॉम्बिनेशन संपली.

१६/ उरल्या त्या जुन्या गाड्या संग्राहकांच्या हाती आल्या. १९७६ मध्ये त्यांची 'प्रोफेशनल कार सोसायटी' ही संघटनाही स्थापन झाली. या छांदिष्टांनी भंगारातून वाचवलेल्या गाड्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु वाचवणे आणि जीर्णोद्धार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या टप्प्यावर तीन प्रकारची खाडाखोड होते, आणि तिन्हींचा बळी तोच असतो: काढता-घालता येणारा दिवा.

१७/ पहिली खाडाखोड: दिवा कायमचा करणे. कॉम्बिनेशन गाडी घ्यायची, मूळ बैठक काढून टाकायची, छताला नवी भोके पाडून मोठा दिवा नटबोल्टने आवळायचा, शेजारी आणखी दोन दिवे आणि भोंगा बसवायचा. गाडी प्रदर्शनात 'पूर्ण रुग्णवाहिका' म्हणून मिरवते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात त्या गाडीने असे रूप एक दिवसही धारण केलेले नसते.

१८/ दुसरी खाडाखोड: दिवा नाहीसा करणे. छतातील भोक पत्रा जोडून बुजवायचे, वर पुट्टी, वर आरशासारखा काळा रंग. आतील वायर ओढून काढायची, फळीवरचे बटण फेकायचे, रोलर कायमचे वर ठेवायचे. झाली 'शुद्ध शववाहिका'. येथे खोटेपणा अधिक सफाईदार आहे, कारण पुरावाच उरत नाही. पन्नास वर्षांनी ती गाडी पाहणाऱ्याला त्या छतावर कधी दिवा होता, अशी शंकाही येणार नाही.

१९/ तिसरी खाडाखोड: चित्रपटाची नक्कल. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स'मधील 'एक्टो-१' ही १९५९ ची मिलर-मीटियर कॅडिलॅक. चित्रपट विनोदी, गाडी झकास. त्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते अस्सल, वापरलेल्या, दुर्मीळ गाडीचे छत त्या नकलेसाठी चाळणी करणे. नक्कल नव्या पत्र्यावर करता येते. जुन्या छतावर ती केली की एक खरी गोष्ट मारून एक काल्पनिक गोष्ट जन्माला घातली जाते.

२०/ 'एवढ्याशा दिव्यासाठी एवढा गहजब?' होय, कारण कॉम्बिनेशनचे सारे सत्य त्या सुटसुटीतपणात आहे. दिवा निघू शकतो, याचा अर्थ रुग्णसेवा हे त्या समाजात जोडकाम होते. फावल्या वेळचे, सदिच्छेवर चालणारे, स्क्रूच्या चार फेऱ्यांत सुरू किंवा बंद होणारे. कायमचा दिवा सांगतो की समाजाने रुग्णवाहिका दिली होती. बुजवलेले छत सांगते की असा प्रश्नच नव्हता. दोन्ही विधाने असत्य आहेत.

२१/ पहिला प्रतिवाद: 'गाडी मालकाची, तो हवे ते करील.' कायद्याने खरे आहे. वाडा मालकाचा असतो, ताम्रपटही कोणाच्या तरी पेटीत असतो. म्हणून ताम्रपटावर नवी ओळ कोरणाऱ्याला कोणी इतिहासप्रेमी म्हणत नाही. मालकाला बदलाचा अधिकार आहे. त्या बदलाला 'जीर्णोद्धार' म्हणण्याचा आणि त्या नावाने बक्षीस घेण्याचा नाही. वाद मालकीचा नसून शब्दाचा आहे, आणि इतिहासात शब्दच महत्त्वाचा असतो.

२२/ दुसरा प्रतिवाद: 'मूळ भाग मिळत नाहीत.' अनेकदा खरे. मूळ दिवा, त्याची बैठक आणि झाकण हे तिन्ही एकत्र मिळणे कठीणच. पण याचे उत्तर चुकीचा दिवा कायमचा ठोकणे हे होत नाही. बैठक रिकामी ठेवावी; किंवा त्या काळचा जुळणारा दिवा मूळ बैठकीवर, नवे भोक न पाडता बसवावा आणि शेजारी पाटी लावावी की हा दिवा या गाडीचा नाही. रिकामी जागा प्रामाणिक असते.

२३/ तिसरा प्रतिवाद कायद्याचा: 'सार्वजनिक रस्त्यावर खासगी गाडीने लाल दिवा लावणे अनेक राज्यांत निषिद्ध आहे, म्हणून तो काढून छत बुजवावे लागते.' हा युक्तिवाद स्वतःलाच खोडतो. अडचण दिव्याची असेल तर दिवा उतरवावा; कारखान्याने तो उतरवता येईल असाच बनवला होता! रस्त्यावर झाकण, मैदानात दिवा. कायद्याचे पालन आणि इतिहासाचे पालन येथे एकाच स्क्रूवर फिरते.

२४/ आता योग्य पद्धत. पहिले काम हातात पाना घेणे नव्हे, छत वाचणे. रंगाखाली जुन्या रबरी गॅस्केटचा गोल ठसा आहे का? आतील अस्तर सैल करून पाहता छताच्या पट्टीवर वायर बांधल्याच्या खुणा आहेत का? भोकाची कड कारखान्यातील यंत्राने कापल्यासारखी सरळ आहे की गॅरेजमधील ड्रिलने ओरबाडलेली? फळीवर बटणाची रिकामी जागा? प्रत्येक खुणेचे मोजमाप व छायाचित्र आधी, दुरुस्ती नंतर.

२५/ दुसरे काम पाण्याचे. दिव्याच्या बैठकीखालील गॅस्केट वाळले की पाणी मुरते, भोकाभोवती पत्रा गंजतो, अस्तरावर तपकिरी डाग उमटतो. गंज काढावा, पत्रा वाचवता येईल तेवढा वाचवावा, कुजलेल्या भागापुरतेच ठिगळ लावावे. भोक मात्र मूळ आकाराचे उघडे ठेवावे. नवे गॅस्केट बसवावे. झाकणाखालीही तेच. गळतीचे निमित्त करून भोक बुजवणे म्हणजे दार करकरते म्हणून भिंत बांधणे.

२६/ तिसरे काम विजेचे. कॅडिलॅकने १९५३ मध्ये ६ व्होल्टवरून १२ व्होल्टकडे उडी घेतली. त्यापूर्वीच्या गाडीवर १२ व्होल्टचा दिवा लावल्यास तो मिणमिणतो. नंतरच्या गाडीवर ६ व्होल्टचा लावल्यास जळतो. ३० वॅटचे दोन झोतदिवे धरले तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर, ६ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह लागतो, मोटरीचा वेगळा. म्हणून वायर पुरेशी जाड हवी आणि फ्यूज योग्य. जुनी कापडी वेष्टनाची वायर नमुना म्हणून जपावी, प्रवाह नव्या वायरीतून न्यावा.

२७/ चौथे काम खुद्द दिव्याचे. मोटरीतील वंगण दशकांनी डिंकासारखे घट्ट होते. ते पुसून नवे भरावे, कार्बनचे ब्रश तपासावेत, फिरत्या दिव्यांना प्रवाह देणारी कडी स्वच्छ करावी. काचेचा घुमट साबणाच्या पाण्याने धुता येतो. प्लास्टिकच्या घुमटाला थिनर किंवा अॅसिटोन लावू नये. त्यावर बारीक तडे जातात. उन्हाने फिका पडलेला लाल रंग दोष मानू नये. त्या रंगात गाडीची वर्षे आहेत.

२८/ पाचवे आणि सर्वांत दुर्लक्षित काम: झिजलेले आटे. हाताने शेकडो वेळा फिरवलेल्या स्क्रूचे आटे गुळगुळीत होतात, बैठकीच्या कडेला रंग उडतो, झाकणाला ओरखडे पडतात. यांना नवा क्रोम चढवून 'सुंदर' करणारा कारागीर सर्वांत मौल्यवान नोंद पुसतो. कोणत्याही रोजनाम्यात लिहिलेले नसते की ही गाडी कितीदा फोन आल्यावर धावली. ते फक्त त्या आट्यांवर उमटलेले असते. ते जपावे आणि भार नव्या, वेगळ्या ओळखू येणाऱ्या स्क्रूवर द्यावा.

२९/ हे आग्रह हवेतून आलेले नाहीत. वास्तूंसाठीची १९६४ ची व्हेनिस सनद सांगते की जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनदही वाहनाच्या वापराच्या इतिहासाला संरक्षणयोग्य मानते. मंदिराच्या शिळेला ऑइलपेंट फासणाऱ्यांवर संतापणाऱ्या तरुणांना हा नियम समजावून सांगावा लागू नये. पत्रा आणि पाषाण यांना न्याय एकच.

३०/ मराठी वाचकाला लाल दिवा म्हटले की आठवते ती मंत्र्याची गाडी. १ मे २०१७ पासून भारतात पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील ते दिवे उतरले आणि बातमी झाली, कारण आपल्याकडे दिवा अधिकाराचे चिन्ह होता. अमेरिकेतील कॉम्बिनेशनवरचा दिवा रोज उतरत असे आणि बातमी होत नसे, कारण तो कामाचे चिन्ह होता. एकाच वस्तूचे दोन देशांतील हे दोन अर्थ समजणे, हाच वस्तूंमधून इतिहास वाचण्याचा धडा.

३१/ मग प्रदर्शनात ही गाडी कशी मांडावी? अर्धा वेळ दिव्यासह, तळ सपाट, स्ट्रेचर आत. उरलेला अर्धा वेळ दिवा शेजारच्या टेबलावर, छतावर झाकण, रोलर वर. आणि मध्ये, सर्वांसमोर, तो बदल हातांनी करून दाखवावा. घड्याळ लावून. मेलेल्याची गाडी जिवंताची होताना पाहणाऱ्या मुलाला १९६६ चा अहवाल का लिहावा लागला, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

३२/ जीर्णोद्धार करणाऱ्याच्या मनात बहुधा प्रेमच असते, हे मान्य. परंतु प्रेमाला आपली आवडती वस्तू आहे त्यापेक्षा थोर दिसावी असे वाटते, आणि इतिहासाला ती होती तशीच हवी असते. कॉम्बिनेशन थोर नव्हती. ती एका श्रीमंत देशाने अर्ध्यावर सोडलेली जबाबदारी होती, आणि काही साध्या माणसांनी अपुऱ्या साधनांनिशी उचललेलीही. दिवा कायमचा केला की पहिली गोष्ट लपते. दिवा मिटवला की दुसरी.

३३/ म्हणून आग्रह एवढाच: दिवा दुरुस्त करा, तो फिरू द्या, लाल दिसू द्या, आणि तो निघू द्या. स्क्रू सैल ठेवा, झाकण हरवू देऊ नका. ज्या दिव्याला उतरता येत नाही, तो त्या छतावरचा दिवाच नव्हे.

(थ्रेड समाप्त)